लगाम हलण्याआधी

बिश्केकला, बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर,
हीटरची नळी रात्रभर खोकत असते.
बेगिमायच्या पडद्यावर अठरा समीकरणं.
चौदा साधी. कालचं ओझं
पाठीवर घेऊन मुकाट चालणारी.
चार मात्र उद्याकडे तोंड करून उभी.

घोडं पेंड खातं ते इथेच.

उद्या काय होणार ते कळल्याशिवाय
आज कुठे उभं राहायचं हे ती चार सांगत नाहीत,
आणि उद्या तर आजच्याच खांद्यावर रेललेला.
म्हणून बेगिमाय शेवटापासून निघते.
चाळीस तिमाह्यांपलीकडे सगळं निवलंय असं धरते,
आणि तिथून मागे मागे येते,
पडलेलं कानातलं शोधत बाई आल्या वाटेने परतते तशी,
थेट आजपर्यंत.

तरणारी वाट एकच निघते.
एका बाजूला केसभर सरका, भाव आभाळात,
दुसरीकडे, दुकानं ओस.
पुस्तकात या आकाराला खोगीर म्हणतात.
नारीनला तिचे वडील खरीखुरी खोगिरं करत.
ती त्यांवर गोटी सोडायची:
पुढून, मागून घरंगळत मध्ये यायची गोटी
आणि मग कडेने निसटायची. दर वेळी.
वडील म्हणायचे, गोटीला बसता येत नाही, पोरी.

सकाळी ओश बाजारात
जुमागुल-एजे पिठाच्या थप्पीला टेकून बसलेली.
सीमेवर गाड्या अडणार, अशी नुसती कुणकुण.
गोण्या कालच्या, कालच्याच भावाने भरलेल्या,
तरी पाटीवर ऐंशी सोम चढलेले.
"का?"
"पुढच्या आठवड्यात मलाही भरायच्यात ना परत."
तुरी अजून बाजारात, असं म्हणायचीही सोय नाही;
हाच तर बाजार.

दुपारी बैठकीत तुर्दाकुन साहेब चहा ढवळत म्हणाले,
"व्याजदर वर्षभर चढे ठेवू, असं नुसतं जाहीर करू.
त्या बोलण्यानेच भाव उतरतील.
उतरले, की मग चढे ठेवायचे कशाला?"
कुणीतरी हसलं.
गणित चुकलेलं नव्हतं, हेच वाईट होतं.

बेगिमायला वडिलांचा करडा घोडा आठवला.
मांडी नुसती आवळली तरी वळायचा,
लगाम हलण्याआधी.
एकदा तिने रिकामी मूठ पुढे केली, साखर असल्यासारखी.
आला.
दुसऱ्या दिवशी मुठीत खरंच साखर होती.
कान मागे टाकून तो कुंपणापाशी उभा राहिला
आणि साखर तिच्या घामाने विरघळत गेली.

हे बैठकीत सांगण्यासारखं नव्हतं.
ती म्हणाली, "दर तिमाहीला नव्याने ठरवायची मुभा
मी मॉडेलमधून काढून टाकली, तर?"
"मॉडेलमधून काढाल," साहेब म्हणाले, "माझ्यातून कशी काढणार?"
निर्णय उद्यावर गेला.

घरी जाताना ती पुन्हा बाजारातून गेली.
नेहमी दोन किलो घ्यायची. म्हणाली, "सात द्या."
जुमागुल-एजेने पीठ तोललं,
पिशवीची गाठ मारली,
क्षणभर बँकेतल्या या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं,
आणि काही न बोलता
ओल्या बोटाने पाटीवरचा आकडा पुसायला घेतला.