दुसरं गेट

रविवारी आम्ही तालीम केली,
कॉलेज बंद असतं म्हणूनच.
वडगावातून चालत.
भारताक्का पुढे, मी मागे,
कारण रस्ता तिनं काढायचा असं ठरलं होतं.

दुसऱ्या गेटाशी फाटक पडलं.
मालगाडी सुरू झाली ती संपेना.
तिनं डबे मोजले, एकोणचाळीस,
आणि म्हणाली, हे रोज झालं तर
पहिला तास जाणार की सर माझा.
लिहा वहीत, मी म्हटलं, वीस मिनिटं आधी निघणे.
तिनं लिहिलं, तिथंच उभ्या उभ्या,
कांड्या भरून बोटाला पडलेल्या खाचेत
पेन बरोबर बसतं तिचं.

दहावी बाहेरून.
पीयूसी बाहेरून, दोन खेपांत,
इतिहासानं एकदा मागं ओढलं.
आता एक्केचाळिसाव्या वर्षी
पहिल्यांदाच आतून.

अर्जात एका चौकोनाशी अडलो होतो आम्ही:
पालकाची सही.
शट्टुप्पा असता तर अंगठा उठवला असता त्यानं,
आनंदानं, दोन्ही हातांचे.
शेवटी मुलानं केली.
उद्यमबागेत लेथवर असतो तो,
कागदाला ऑइल लागू नये म्हणून
दोनदा हात धुऊन आला,
आणि सही करता करता म्हणाला,
मार्क कमी पडले तर बोलावणं मला येणार बघ, आई.
हसलो तिघंही.
ती जरा जास्त वेळ हसली.

वॉचमननं दहा मिनिटं आत सोडलं.
व्हरांड्यात पाट्या सगळ्या कन्नडमध्ये.
मी अक्षर अक्षर जुळवत उभा,
तोवर तिनं वाचून टाकली:
ग्रंथालय.
मागवाल्या मालकाचा हिशेब बारा वर्षं कन्नडमध्येच
लिहीत आलीय ती.
शब्द आपलाच हाय की सर, म्हणाली,
अक्षरं तेवढी गोल.

खरं तर मला वेगळंच सांगायचं होतं.
की रात्रीच्या वर्गाला दोन दिवस आला नाहीत तुम्ही
की मी सायकल काढायचो,
गल्लीत मागांच्या खडखडाटात घसा ताणून
तुमच्या नावानं हाक मारायचो.
तिथं कुणी येणार नाही.
तिथं हजेरीपटावर नुसती एक रेघ पडेल,
आणि ती रेघ कुणाला टोचणार नाही.
हे घशाशी आलेलं मी गिळलं
आणि सांगितलं,
बायकांचं बाथरूम जिन्याखाली आहे,
दाराला कडी नाही.
म्हणजे आधी मैत्रीण करायला पाहिजे, ती म्हणाली,
आणि तेही वहीत लिहिलं.

सोमवारी मी जायचं नाही,
एवढं मला कळत होतं.
तरी साडेनऊला सायकल दुसऱ्या गेटापर्यंत गेलीच.
फाटक पडलेलं.
पलीकडे जांभळी साडी, पाठमोरी,
खांद्याला नातीची जुनी बॅग,
तिच्यावर फुलपाखरू.
हाक मारणार होतो.
मध्येच गाडी आली, हुबळीकडची,
लांबलचक.
ती गेल्यावर पलीकडे एक फुगेवाला होता फक्त.

दुपारी फोन.
सर, शिकवणारी बाई माझ्या धाकटीएवढी हाय,
छान शिकवती,
पण मला एकटीलाच अहो म्हणती.
बाकीच्या पोरींना अगं.
तुम्ही एकदा येऊन सांगता काय तिला?

शर्ट खुंटीवरच होता.
मी त्याच्याकडे बघितलं.
म्हटलं,
तुम्हीच सांगा भारताक्का.

पलीकडे थोडा वेळ नुसता गलका,
पोरींचा,
कुणीतरी डबा उघडल्याचा आवाज.
मग ती म्हणाली, ठेवते,
घंटा झाली.