बरं

फहाहीलच्या तिसऱ्या मजल्यावर
जेवणाच्या टेबलावर चीन पसरलाय,
आमटीचा डाग लानझोउच्या जरा वर.

शर्वाणी विचारते, बर्थवर चपला कुठे ठेवायच्या?
अकरा वर्षांची आहे. या देशात रूळच नाहीत.

साइटवरच्या लिननं बकालाच्या पावतीमागे
लिहून दिलंय: आम्ही मांस खात नाही.
तेच असावं.
कागद उलटा धरलाय की सुलटा,
इथपासून अडतं.

'मा' चार सुरांत म्हणायचा:
आई, ताग, घोडा, शिवी.
माझ्या तोंडून चारही वेळा घोडाच निघतो.

"शीआनला गाडी बदलायला बारा मिनिटं
पुरतील," मी म्हणतो.
"बरं," केतकी म्हणते.

सतरा वर्षं ऐकतोय.
हा कुठला सूर, अजून सांगता येत नाही.

मुकाट्यानं
नंतरची गाडी शोधतो.