चौऱ्याहत्तर किलो

पावणेदोनला सिरिंज आली, बर्फात बुडवून.
बर्फाच्या पिशवीवर नाना पेठेतल्या डेअरीचं नाव.
रोहिदास ढमाले, वय तेवीस.
वॉर्डबॉय म्हणाला, पैलवान आहे मॅडम,
स्वतःचा पाय उचलता येत नाहीये.

मशीननं कागद बाहेर टाकला.
पीएच सात पूर्णांक छप्पन, बायकार्ब अडतीस,
पोटॅशियम दोन पूर्णांक एक.
पुन्हा लावलं. तेच.

पाच दिवस पाणी तोडलेलं,
कोणीतरी दिलेल्या लघवीच्या गोळ्या,
घशात बोटं, आणि तालमीच्या मोरीत
पोटातलं सगळं आम्ल.
सकाळी आठला वजन होतं.

आम्ल सरलं की रक्त पेशींच्या दारात उसनं मागतं.
पेशी देतात. फुकट नाही देत.
दिलेल्या प्रत्येक कणामागे
एक पोटॅशियम आत ओढून कडी लावतात.

लघवीची पट्टी बुडवली,
रक्त इतकं अल्कली, वाटलं निळी होईल.
झाली नारिंगी.
कोरडं पडलेलं मूत्रपिंड मीठ उराशी धरून बसतं
आणि जे नेमकं कमी आहे तेच फेकत राहतं,
पोटॅशियम. वर आम्लसुद्धा.
त्यानंही आपल्या परीनं
वजनच तोडलं होतं.

रिपोर्ट घेऊन वर गेले.
ईसीजीवर टी लाट वेताळ टेकडीसारखी पसरट,
मागे एक जादा उंचवटा, नकाशात नसलेला.
चिंधूअण्णा वस्ताद बाकावर, मांडीवर अर्धा डझन केळी.
'ही चारली तर उठंल का?'
म्हटलं, आधी मिठाचं पाणी, मग पोटॅशियम,
तेही थेंबाथेंबानं.
घाई केली तर तेच काळीज बंद पाडतं.
'म्हणजे डाव न्हाई.'
नाही अण्णा. नुसता दम धरायचा.

नस जळत होती त्याची.
मोडलेल्या कानांचा तो गडी
ओठ चावत छताकडे बघत होता.
अण्णा मोजत होते थेंब,
जोर मोजावेत तसे, पुटपुटत,
मध्येच चुकून पुन्हा एकपासून.

सहाला दोन पूर्णांक सहा.
चादरीखाली उजवा अंगठा हलला,
मग डावा, जरा उशिरानं.
खाली स्वारगेटकडची पहिली बस गेली.

'मॅडम, किती भरलं?'
दोन पूर्णांक सहा.
'ते न्हाई. किलो.'

स्टँडवरच्या तीन रिकाम्या बाटल्यांकडे
मी बघितलं नाही.
अण्णांनी एक केळं सोललं,
बराच वेळ हातात धरलं,
आणि स्वतःच खाल्लं.