सात नंबरची बाटली

चोपड्याच्या फार्मसी कॉलेजात एप्रिलमध्ये
अ‍ॅस्पिरिनचे स्फटिक पडत नाहीत.
बर्फात ठेवा, असं जर्नल सांगतं,
आणि फ्रिज भारनियमनात घामेजलेला.
मग गेटसमोरच्या रसवंतीतून
आम्ही वीस रुपयांचा बर्फ आणतो,
गोणपाटाचे धागे चिकटलेला,
आणि उसाच्या वासात हळूहळू
चंचुपात्राच्या तळाशी पांढऱ्या सुया उगवतात.
उत्पन्न एकसष्ट टक्के.
उरलेलं कुठे गेलं, नेहेते सर विचारत नाहीत.

फार्माकॉलॉजीला बेडूक संगणकातला.
अ‍ॅसिटिलकोलीन सोडलं की त्याचं हृदय मंदावतं,
आधी अ‍ॅट्रोपिन दिलं तर मंदावायचं विसरतं.
खिडकी बंद करा,
बेडूक पुन्हा पहिल्यासारखा.
झीनत दर प्रॅक्टिकलला त्याचं नवं बारसं करते.

वनस्पतींचं तसं नाही.
त्या रुमशा पावराच्या पिशवीतून येतात.
हुद्दा प्रयोगशाळा परिचर,
राहणार वैजापूरच्या पुढच्या पाड्यावर.
सोमवारी एसटीतून उतरताना
हातात काही ना काही असतंच,
धायटीची फुलं, पिळाच्या मुरुडशेंगा,
एकदा रुमालात बांधलेले बिब्बे,
तेही त्याने लांबूनच दाखवले.
साल काढतो ती झाडाच्या एकाच अंगाची.
दुसरं अंग झाडाला.

मी बटाट्याच्या फोडीत साल धरून छेद घ्यायची.
जाडच यायचे.
फ्लोरोग्लुसिनॉल, वर आम्लाचा थेंब,
लिग्निन गुलाबी, आणि तरी मला
भिंगाखाली फक्त गुलाबी गर्दी दिसायची.
फरशी पुसता पुसता तो म्हणाला,
"चाखी देख ना ताई.
डोया फसतस, जीभ फसत नई."
तळहातावर दोन तुकडे ठेवले.
पांढरा कुडा कानामागे जाऊन बसला,
रात्री मेसच्या खिचडीतसुद्धा तोच.
काळा कुडा म्हणजे नुसतं लाकूड,
आगपेटीची काडी चघळावी तसं.

परीक्षेला धुळ्याहून बाहेरचे परीक्षक.
सात नंबरच्या बाटलीवर टाइप केलेलं: कुटज.
कुळ, घटक, उपयोग लिहा. दोन गुण.
पुढचे सगळे लिहून गेले होते,
कोनेसीन, आमांश,
माझंही तोंडपाठ होतं.
प्रत्येक औषधाच्या पहिल्या ओळीत
रंग, वास, चव असतं,
आणि आम्ही "चव: कडू" असं घोकत आलो
भिंतीवरच्या पाटीखाली:
प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालू नये.

मी नखाने खरवडून जिभेवर ठेवलं.
थांबले.
कडूची वाट बघत थांबले,
घड्याळात दोन मिनिटं गेली,
कडू आलंच नाही.

उत्तरपत्रिकेत लिहिलं:
बाटलीवरचं नाव बाटलीत नाही.
ही काळ्या कुड्याची साल आहे.

"कशावरून?"
"चवीवरून, सर."
नेहेते सर पंख्याकडे बघू लागले.
पंखा बंद होता.
परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला,
एक तुकडा दाढेखाली घेतला
आणि चघळत राहिले,
बायकोने केलेल्या भाजीत नेमकं काय कमी
हे न बोलता शोधावं तसे.
मग आकडा लिहिला. वर हात ठेवला.
"पुढची."

मला किती मिळाले ते अजून कळलेलं नाही.

सोमवारी सात नंबरची बाटली
सिंकजवळ उपडी वाळत होती,
जुन्या लेबलाचा डिंक तेवढा खरखरीत.
आत किती वर्षं काय होतं,
किती जणांनी त्यावर दोन गुण घेतले
आणि आता कुठल्या गावात दुकान थाटून बसलेत,
हा हिशेब माझ्याच्याने होईना.

रुमशाने पिशवीतून ओली साल काढली,
वर्तमानपत्रावर पसरली,
कोरं लेबल माझ्यापुढे सरकवलं.
मी पेनाचं टोपण काढलं
तसा त्याने लेबलावर हात ठेवला.
"पहिले चाखी ले," म्हणाला,
"मंग लिख."