एकेकानं लावा

विद्यापीठाच्या तळघरात रात्री अडीच वाजता
टेबल थरथरतं.
दिलशाद शिकलगार वरून फोन करतो,
"ट्रॅक्टर गेला मॅडम. दोन ट्रॉल्या, फुल्ल."
हायवेवरचा ऊस माझ्या पडद्यावर
चाळीस नॅनोमीटर सरकतो.
तेवढ्या फ्रेमा मी टाकून देते.

काचेवर पेशी आहेत,
कुठल्याशा माकडाच्या किडनीतून निघून
वाटून वाटून कोल्हापूरपर्यंत आलेल्या,
सदतीस अंशांवर, गुलाबी पाण्यात, जिवंत.
त्यांच्या तंतुकणिकांना मी रंग चढवलाय.
सगळे रेणू एकदम उजळले तर
दिसतो नुसता धुरळा.
प्रकाशाची बोटं जाड असतात;
लाटेच्या निम्म्याहून जवळचे दोन ठिपके
त्याला एकच लागतात.

म्हणून रेणूंना झोपवायचं,
मोजक्यांना जागं करायचं, एक इकडे, एक पार तिकडे,
प्रत्येकाच्या फुगीर उजेडाचा मध्य काढून
टिंब द्यायचं.
विझू द्यायचं.
असं दहा हजार वेळा.

प्रबंधात याचं नाव दीड ओळीचं आहे.
शिकले मात्र मी आंबेवाडीच्या गच्चीवर,
पंचगंगा घरात शिरली त्याच्या दुसऱ्या रात्री.
गुंडू आंबी होडी घेऊन आला
जिथं काल पाणंद होती तिथून,
आणि आम्ही सगळ्या गच्च्यांनी
एकदमच मोबाइल पेटवले.
तो ओरडला,
"आरं समद्यांनी नगा! निस्ता एकच डाग दिसतुया.
एकेकानं लावा. लावा नि विझवा."

मग पिरगोंडा तात्यांचा. विझला.
शाळेमागच्या बाळंतिणीचा.
आमचा.
मग कितीतरी वेळानं, जिथं कुणी उरलं नाही
असं आम्ही धरून चाललो होतो,
त्या गोठ्याच्या माळ्यावरून
माचिसची एक काडी.
"अकरा," गुंडू म्हणाला, आणि वल्हं घातलं.

आता पडद्यावर धागे सुटे झालेत.
एकीला मधोमध कंबर आलीय,
ती दोन होणार.
मला ती घडी हवी आहे. तीन वर्षं हवी आहे.
लेझर वाढवला की मिळेल.
पण काल वाढवला होता:
आठव्या मिनिटाला पेशीच्या कडेला फोड उठले,
धागे आकसून मणी झाले,
आणि सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं.

गोठ्यातल्या त्या पोरानं
होडी पोचेपर्यंत काड्या धरल्या होत्या, बोटापर्यंत.
परतताना सगळ्या वाटेनं
तो हात पुराच्या पाण्यात सोडून बसला होता.
नाव विचारायचं राहिलं.

मी लेझर निम्म्यावर आणते.
कंबर पुसट होते.
"अजून एक येतोय मॅडम, तीन ट्रॉल्यांचा."
मी शटर बंद करते.
टेबल थरथरून होईस्तोवर, तिथं अंधारात,
तिला व्हायचं ते होऊ दे,
एक किंवा दोन.