पेचकस कानाला लावून

शनिवारी सकाळी सुपडू मिस्तरींना घेऊन
अमळनेरहून चोपड्याला निघालो.
कानाचं मशीन त्यांनी लावलं नव्हतं.
ते तंबाखूच्या डबीत होतं, चुन्याशेजारी,
आणि त्याची बॅटरी नातवाच्या खेळण्यात.

अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली पाने पुसले.
आता माझं बॅटरीच्या स्कूटरचं दुकान आहे.
हे त्यांना तीनदा सांगून झालं.
तिन्हीदा ऐकू आलं नाही.

जुन्या ट्रक-ट्रॅक्टरांचं प्रदर्शन
बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात.
तारेच्या कुंपणाला अजून कापूस चिकटलेला,
कुठल्या सालचा, कोणास ठाऊक.
लांब नाकाची फार्गो. गोल डोळ्यांची बेडफर्ड,
तिच्या फाळक्यावर ‘सावदा ते दिल्ली’, पुसट,
आणि नवा रंग फोडून वर आलेले
केळीच्या चिकाचे काळे डाग.
माईकवाला प्रत्येक गाडीला ‘आजोबा’ म्हणत होता.
मिस्तरींना ते ऐकू येत नव्हतं ते बरं,
त्यांच्या लेखी ट्रक म्हणजे बाई
आणि ट्रॅक्टर म्हणजे हाल्या.

शहाद्याच्या उत्तमसिंग गिरासेंचा झेटर
परीक्षक समोर आले आणि खोकायला लागला.
तीन पोरं भोवती, तिघांच्या हातात मोबाईल.
मिस्तरींनी बंडीच्या खिशातून पेचकस काढला,
जुन्या दातासारखी पिवळी मूठ.
टोक इंजिनावर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडावर,
आणि डोळे मिटले.
कोणीतरी हसलं. कोणीतरी शूटिंग घ्यायला लागलं.
गिरासे काही विचारायला गेले,
तर मिस्तरींनी न बघताच हात वर केला:
“थांब, माले आयकू दे.”

मग म्हणाले, “तिसरा नंबरना टॅपेट ढिला शे.”

इंजिन बंद करून झाकण उघडलं.
फट मोजायला विडीच्या बंडलाचा कागद.
अर्ध्या तासाने झेटर असा चालला,
जसा कोणी पोटभर जेवून घरी चाललाय.

त्यानंतर रांगच लागली.
मिस्तरी एकेकीच्या छातीला पेचकस लावत फिरले.
हिला दम लागतो. हिचं पाणी बदला.
“हाई बोलस, पन धनी आयकस नई.”
एका हिरव्या डॉजपाशी मात्र
बराच वेळ कान देऊन उभे राहिले,
मडगार्डवर दोनदा थोपटलं
आणि काही न बोलता पुढे गेले.
“काय म्हणाले?” मालकाने मला विचारलं.
मी म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही.

रात्री भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात.
लॉजची खोली माझ्या एकट्याच्या वाट्याला आली,
मिस्तरी फार्गोखाली पोतं टाकून झोपले.
तेल गळत होतं म्हणे, थेंब थेंब,
उशाशी डबा ठेवला.
सकाळी डबा अर्धा भरलेला
आणि कपाळावर एक थेंब, गंधासारखा.

रविवारी पहिलं बक्षीस
धुळ्याच्या निळ्या ट्रकला मिळालं,
जो दुसऱ्या ट्रकवर बसून आला होता.
गिरासेंनी मिस्तरींना नारळ दिला.
त्यांनी तो हलवून कानाशी धरला,
आणि पाणी कमी आहे म्हणाले.

परतताना तापीच्या पुलावर गाडी थांबवायला लावली.
माझी ही गाडी, आवाज न करणारी.
खाली उतरले. तिच्या बॉनेटवर पेचकस टेकवला.
मी उगीचच शर्टाचं बटण लावलं.
ते थांबले, थांबले,
मग खांदे उडवून कठड्याकडे गेले
आणि कठड्याला पेचकस लावला.

तेवढ्यात वाळूचा डंपर गेला.
पूल अंगभर थरथरला.
मिस्तरी हसायला लागले, डोळे मिटून,
गुदगुल्या झाल्यासारखे.

काय म्हणतो पूल?
मी विचारलं.
मग मोठ्याने विचारलं.
मग इतक्या मोठ्याने,
की खाली पाण्यात जाळं सोडणारा माणूस
हात थांबवून
वर बघायला लागला.