डावं दार

बिलांकूरपाशी सेन नदी वळते, तिथं एक बेट होतं.
होतं म्हणजे, बेट अजून आहे. कारखाना होता.
या काठापासून त्या काठापर्यंत काँक्रीट,
लांबून पाहिलं तर नांगर टाकलेलं जहाज,
धूर सोडणारं, जागचं न हलणारं.
मी तिथं बावीस वर्षं डावं दार बसवलं.
मोकरानने गाड्या बनवल्या, असं गावात सांगतात.
सांगू देत. मी डावं दार बसवलं.

दोन बिजागऱ्या, चार बोल्ट, गुडघ्याचा एक धक्का,
मग कान.
ठक् म्हणालं तर बसलं. ठप् म्हणालं तर सैल.
त्या गदारोळात ऐकू कसं यायचं, विचारू नका.
ढगांच्या गडगडाटात आई झोपून राहते
आणि तान्हं नुसतं कुशीवर वळलं तरी जागी होते,
तसं काहीतरी.

कागदावर आमचा हुद्दा होता विशेष कामगार.
म्हणजे ज्याला विशेष असं काहीच येत नाही, तो.
फोरमन माझ्या मुलाच्या वयाचा,
आम्हाला अरे-तुरे करायचा.
आम्ही त्याला अहो-जाहो.

पट्ट्याच्या पलीकडे जिबी गासामा. उजवं दार.
त्याची जेवणाची पाळी वेगळी, फाटक वेगळं,
तो सेव्रच्या पुलावरून घरी जायचा, मी या पुलावरून.
मधून गाडी सरकत यायची, बिनकाचेची,
आणि तिच्या आरपार मला तो दिसायचा
पोटापासून हनुवटीपर्यंत,
कधी वाकला तर डोळे.
एक पांढरी गाडी, एक पांढरी, एक लाल,
त्याची दाढी मी अशी हप्त्याहप्त्याने पिकताना पाहिली.
बोलणं शक्यच नव्हतं. बोटं होती.
वर केलेली करंगळी म्हणजे मुलगी झाली.
मूठ म्हणजे उद्या संप.
तळहात पालथा म्हणजे गावाकडे कोणीतरी गेलं;
मग पुढच्या दहा-बारा गाड्या मी त्याच्याकडे बघायचो नाही.

चौऱ्याऐंशीत टायवाले आले.
परत जा म्हणाले, पैसे देतो, तिकीट देतो.
जिबीने खिडकीतून भुवया उंचावल्या: जातोस?
मी स्क्रू-ड्रायव्हर हलवला: तू?
दोघंही राहिलो. कशासाठी, ते बोटांनी सांगता येत नव्हतं.

मग ब्याण्णवचा मार्च.
शेवटची गाडी इतकी लहान होती
की एवढ्या माणसांच्या सह्या तिच्यावर मावेनात.
मी सही केली नाही. दार लावलं. ठक्.
आणि पट्टा थांबला.
बावीस वर्षांत पहिल्यांदा मला नदी ऐकू आली,
भिंतीला लागून, अगदी खाली,
भांडी विसळल्यासारखी.

जिबी वळसा घालून माझ्या बाजूला आला.
लंगडत आला.
मला माहीतच नव्हतं.
कधीपासून? मी विचारलं.
अठ्ठ्याहत्तर, तो म्हणाला. पायावर दार पडलं.
कुठलं?
उजवंच की, म्हणाला,
आणि त्याचा आवाज मला वाटला होता त्याहून बारीक निघाला.

आता मी डोंगरात राहतो. अंजिराची चार झाडं, गुडघा दुखतो.
परवा पुतण्याने गाडी आणली, जुनी, तिसऱ्या हाताची.
डाव्या दाराचा रंग उडालेला.
त्याला म्हटलं, उतर जरा, दार लावून बघू दे.
म्हातारा बहकला असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं,
पण उतरला.
मी दार लोटलं, त्याच क्षणी पलीकडून
त्याच्या बायकोने तिचं लावलं.
एकच आवाज आला.

ठक्.

मी पुन्हा उघडून, एकट्याने लावून पाहिलं.
तसा आला नाही.